शेवटचे तीस किलोमीटर: स्वतःची गाडी नसताना रायगडचा किनारा

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा रेंज नाही, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ कमी केलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका मेसेजमुळे करतेय. एका श्रोत्याने विचारलं, “ताई, माझ्याकडे गाडी नाही, बाईक नाही. अलिबागपासून हरिहरेश्वरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येईल का? मॅपवर बसचं चिन्ह दाबलं की काहीच दिसत नाही.”

उत्तर आधीच देऊन टाकते. जाता येतं. मी गेलेय, एकदा नाही, बऱ्याचदा. माझं आजोळ श्रीवर्धन तालुक्यात आहे आणि आमच्या घरात आजतागायत चारचाकी आलेली नाही. पण “कोणती बस पकडू?” एवढाच हा प्रश्न नाहीये. त्याच्या मागे एक मोठी गोष्ट आहे, ती आज बोलूया.

हजार सोपे, तीस अवघड

आपला देश केवढा मोठा आहे बघा. डिब्रुगडहून कन्याकुमारीला विवेक एक्स्प्रेस जाते. चार हजारांहून जास्त किलोमीटर, एक तिकीट, एक गाडी. आसामात चढा, तमिळनाडूत उतरा, मध्ये कुठेही बदलायचं नाही. दिल्लीहून पनवेलला थेट गाडी आहे, केरळहून आहे. हजार-दीड हजार किलोमीटरचं काम फोनवर पाच मिनिटांत होतं.

आणि आता पनवेलला उतरलेल्या त्या माणसाला सांगा, “दिघीला ये.” मग बघा गंमत. त्याला कोणतं अॅप सांगणार? पनवेल ते माणगाव, माणगाव ते म्हसळा, म्हसळा ते बोर्ली, बोर्ली ते दिघी. प्रत्येक ठिकाणी उतरा, विचारा, थांबा. हजार किलोमीटर झोपेत जातात आणि शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर अर्धा दिवस खातात.

असं का? याचं उत्तर नकाशात आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. पण नाव कोकण असलं तरी आपल्या जिल्ह्यात ती समुद्रापासून आत, डोंगराच्या बाजूने जाते. रोहा, कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड, वीर. यातल्या एकाही स्टेशनवरून समुद्र दिसत नाही. रायगडचे किनाऱ्याचे तालुके उत्तरेकडून मोजा: उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन. या पाचांपैकी प्रवासी रेल्वे आहे फक्त उरणला. तीसुद्धा उरण शहरापर्यंत पोहोचली १२ जानेवारी २०२४ ला. अलिबागजवळ थळला खताच्या कारखान्यासाठी मालगाडीचा रूळ आहे. खत रेल्वेने जातं, अलिबागकर एसटीने जातात.

आणि किनाऱ्याने सरळ रस्ता का नाही? कारण मध्ये खाड्या आहेत. चार मोठ्या खाड्या लक्षात ठेवा: धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट. रायगडचा किनारा म्हणजे या चार खाड्यांनी कापलेली पोळी आहे. प्रत्येक तुकड्यावर बस आहे, रिक्षा आहे. प्रश्न असतो तो एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायचा.

आमची आजी याला एक शब्द वापरायची: जोड. “जोड मिळाली का गं?” मी घरी पोहोचले की तिचा पहिला प्रश्न हाच असायचा. म्हणजे लाँच लागली तेव्हा एसटी उभी होती का? फेरीबोट उतरली तेव्हा पुढची गाडी मिळाली का? गाड्या किती आहेत, त्या किती चकाचक आहेत, यापेक्षा एकीतून उतरल्यावर दुसरी मिळते का, यावर सगळा प्रवास ठरतो.

चार खाड्या, चार तऱ्हा

चला, आता प्रत्यक्ष जाऊया. मुंबईहून निघू.

पहिली खाडी धरमतर. इथे तीन पर्याय आहेत. पहिला सगळ्यांना माहीत असलेला, गेटवे ते मांडवा. साधारण तासाभराचा प्रवास, आणि मांडव्याला उतरल्यावर बोट कंपनीची बस अलिबागला सोडते, बोटीच्या तिकिटातच. याला म्हणतात जोड! बस बोटीसाठी थांबते. दुसरा पर्याय भाऊच्या धक्क्यावरून. तिथून रेवसला लाँच जाते आणि रेवसहून एसटी. मांडव्याला जाणारी रो-रोसुद्धा भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते, मार्च २०२० पासून. तिच्यात गाड्या चढतात म्हणून लोकांना वाटतं फक्त गाडीवाल्यांसाठी आहे. तसं नाही, चालत जाऊनही तिकीट काढता येतं.

तिसरा पर्याय माझा लाडका, आणि तो कमी लोकांना माहीत आहे. नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल पकडा. उरणहून रिक्षाने करंजा. करंज्याहून लाँचने समोर रेवस, पंधरा-वीस मिनिटं. रेवसला एसटी, की अलिबाग. हेच रस्त्याने करायचं तर पेण, वडखळ, पोयनाड असा अख्खा वळसा. नवी मुंबईत राहणाऱ्यांनी एकदा करून बघा. लोकलचं तिकीट, रिक्षाचं सीट, लाँचचं तिकीट, एसटीचं तिकीट, आगाऊ बुकिंग शून्य.

दुसरी खाडी कुंडलिका, रेवदंड्याजवळ. इथे पूल आहे, साळावचा. त्यामुळे तुम्हाला खाडी आली हेही कळत नाही. अलिबागहून मुरूडची एसटी पकडा, डाव्या-उजव्या कुठल्याही खिडकीत बसा. चौल, रेवदंडा, पूल, मग कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव, मुरूड. दीड-दोन तास. काशीदच्या आधी रस्ता समुद्राला इतका चिकटतो की शेजारचा झोपलेला माणूससुद्धा उठतो.

या पुलाची गोष्ट मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

तिसरी खाडी राजपुरी. मुरूडहून आगरदांड्याला जा. एसटी मिळाली तर उत्तम, नाहीतर विक्रम किंवा मिनीडोअर. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे सहा सीटच्या रिक्षेला मिनीडोअर म्हणतात आणि ती सहा माणसांवर कधीच सुटत नाही. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट आहे. शिवाय राजपुरीहूनही दिघीकडे लाँच जाते, त्याच बाजूला जंजिरा किल्ला दिसतो. रस्त्याने जायचं तर तळा-म्हसळ्याकडून फिरून या. पाण्यातून वीस मिनिटं.

दिघीला उतरलात की मात्र सावध. खरी परीक्षा इथे. फेरीबोटीतून वीस बाईक आणि दहा गाड्या भुर्रकन निघून जातात आणि धक्क्यावर उरता तुम्ही, एक मासळीवाली मावशी आणि दोन शाळकरी पोरं. तिथून बोर्ली पंचतनला जायचं. बोर्ली हे आमच्याकडचं जंक्शन आहे. दिवेआगरला इथून वळायचं, श्रीवर्धनला इथून, म्हसळ्याला इथून. श्रीवर्धनला पोहोचलात की हरिहरेश्वर वीसेक किलोमीटर, तिकडे गाड्या आहेत.

चौथी खाडी बाणकोट, म्हणजे सावित्री नदीचं मुख. हरिहरेश्वरजवळच बागमांडला. तिथून फेरीबोटीने वेश्वी. वेश्वीला पाय ठेवला की रत्नागिरी जिल्हा. पुढे मंडणगड, दापोली. म्हणजे हवं तर तुम्ही असेच खाली खाली जात राहू शकता.

किती दिवस ठेवायचे? दोन. पहिला मुक्काम मुरूड, दुसरा दिवेआगर किंवा श्रीवर्धन. एका दिवसात होतं, पण मग तुम्ही प्रवास करत नाही, गाड्यांच्या मागे धावत असता.

पाण्याचं वेळापत्रक

आता एक गोष्ट जी तुम्हाला कुठलीच ट्रॅव्हल रील सांगत नाही. बोटीचं वेळापत्रक धक्क्यावरच्या फळ्यावर असतं, पण खरं वेळापत्रक चंद्राकडे असतं.

पहिलं म्हणजे पाऊस. गेटवे-मांडवा बोटी साधारण मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद असतात. जुलैत कुणी “बोटीने जाऊया” म्हटलं तर आधी चौकशी करा.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. रेवस आणि मोरा या धक्क्यांपाशी गाळ साचतो. पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही. मग ती थांबते आणि तुमची जोड चुकते.

यासाठी कोळी माणसांचं एक साधं गणित आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. उदाहरण घ्या. आज चतुर्थी आहे. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनच्या आसपास भरती, पहाटे तीनलाही. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा, सव्वाअकरा येतात. आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मिनिटाला पक्कं नाही, पण आपल्या किनाऱ्यावर अंदाजाला पुरतं.

आता याचा अर्थ बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. नेमकी लोकांची घरी परतायची वेळ! म्हणून त्या दिवसांत संध्याकाळच्या लाँचवर विसंबू नका, दुपारी निघा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार हलत नाही, लाँचला त्रास कमी. फोनवर भरतीची अॅप्स आहेत, ती जरूर बघा. पण बॅटरी संपली तर कॅलेंडरवरची तिथी कामी येते.

आणि तिसरं, समुद्राचा मान. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वादळी समुद्रात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. गटारीसाठी घरी निघालेली माणसं होती. रेवस, अलिबागच्या कित्येक घरांत अजून ती आठवण काढतात. आणि अलीकडचं सांगायचं तर १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हाही माणसं गेली. घाबरवायला सांगत नाहीये. मी अजून बोटीनेच जाते. पण लाइफ जॅकेट अंगात घाला. ते मिळालं नाही तर मागा. फोटो चांगला येत नाही म्हणून काढून ठेवणारे खूप बघितलेत. आणि तांडेल “आता बसू नका, गर्दी झाली” म्हणाला तर वाद घालू नका. पुढची बोट येते.

एसटीची भाषा

आता जमिनीवर येऊ. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. एवढ्या वर्षांत तिची स्वतःची एक भाषा तयार झालीये. ती आली की महाराष्ट्रात कुठेही फिरा.

पहिला शब्द ‘मार्गे’. बसच्या पाटीवर शेवटचं गाव मोठ्या अक्षरात असतं, पण तुमचं भविष्य खालच्या छोट्या अक्षरात असतं. श्रीवर्धनची गाडी कशी जाते, मार्गे कोण, हे वाचल्याशिवाय चढू नका.

दुसरं, नावं. आमच्याकडे नावांचा तुटवडा आहे. बोर्ली दोन आहेत. बोर्ली मांडला मुरूड तालुक्यात आणि बोर्ली पंचतन श्रीवर्धन तालुक्यात. मध्ये राजपुरीची खाडी! वेळासही दोन. कासवांचं वेळास रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, आणि दुसरं वेळास आमच्या दिवेआगरजवळ. दरवर्षी कासवं बघायला निघालेला कुणीतरी आमच्या वेळासला उतरतो. गाव चांगलं आहे, चहा मिळतो, पण तो महोत्सव तिथे नसतो. आणि गोरेगाव म्हटलं की मुंबईकर फिल्मसिटी समजतो, आमच्याकडे ते माणगाव तालुक्यातलं गाव आहे.

तिसरं, चौकशीची खिडकी. रायगड विभागाचं मुख्यालय पेणला आहे आणि आगारं आठ: पेण, अलिबाग, मुरूड, रोहा, महाड, माणगाव, श्रीवर्धन, कर्जत. पनवेल आणि उरण मुंबई विभागात येतात. हे का सांगतेय? कारण प्रत्येक आगाराला आपापल्या गाड्यांची खडान्‌खडा माहिती असते. मुरूडच्या गाडीबद्दल मुरूडला विचारा. खिडकीतल्या साहेबांना “गाडी कधी?” असं विचारू नका. “पुढची कधी, त्यानंतरची कधी आणि शेवटची कधी?” असे तीन प्रश्न एकदम विचारा. तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं.

चौथं, पैसे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत. आणि एक योजना तर पर्यटकांना माहीतच नसते: ‘आवडेल तेथे कुठेही प्रवास’. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढा आणि राज्यभर एसटीने फिरा. जर्मनीने मे २०२३ मध्ये ४९ युरोचं महिन्याचं तिकीट काढलं, देशभरच्या लोकल गाड्या-बसला चालणारं, तेव्हा आपल्या फोनवर त्याच्या किती बातम्या आल्या! आपला पास १९८८ पासून आहे. त्याची रील कुणी केली नाही.

कंडक्टरच्या मशिनवर आता यूपीआय चालतं. पण घाटात आणि खाडीकाठी रेंज गेली की ते मशिनही हात टेकतं. तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा.

पाचवा शब्द, आणि यावर मी थोडी थांबणार आहे: मुक्कामी गाडी. काही ठिकाणी वस्तीची गाडी म्हणतात. शेवटची एसटी संध्याकाळी गावात येते आणि परत जात नाही. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, देवळात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या खोलीत. पहाटे तीच गाडी गाव सोडते. त्या पहाटेच्या गाडीत बसून बघा एकदा. दवाखान्यात निघालेले आजोबा, हातात एक्स-रेची पिशवी. पाट्या घेतलेल्या मासळीवाल्या. तालुक्याला दाखला काढायला निघालेला माणूस. शाळेची पोरं. ज्या गावात मुक्कामी गाडी आहे, त्या गावचा माणूस सकाळी दहाला कचेरीच्या दारात उभा राहू शकतो आणि संध्याकाळी घरी जेवू शकतो. जिथे नाही, तिथे एका सहीसाठी नातेवाइकाकडे राहावं लागतं.

नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२, एसटीचा संप लांबला होता आठवतंय? कर्मचाऱ्यांच्या मागण्या होत्या, त्यांचं दुःख खरं होतं. पण त्या महिन्यांत खेड्यांना कळलं की ती लाल गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती. अंतर तेवढंच राहिलं, पण गाव लांब गेलं.

पावणेपाचची गाडी

आता घरातली गोष्ट सांगते, तिच्या परवानगीने. नाव आणि गाव सांगत नाही.

माझी मामेबहीण दहावीला चांगले मार्क घेऊन पास झाली. तिला सायन्स घ्यायचं होतं. अॅडमिशन मिळत होती. मामा फॉर्म भरायला गेला तेव्हा कॉलेजात टाइमटेबल लावलेलं होतं. आठवड्यातून तीन दिवस प्रॅक्टिकल, पाचपर्यंत. आणि आमच्या वाडीकडे येणारी शेवटची गाडी सुटायची पावणेपाचला.

पंधरा मिनिटं. बस एवढंच अंतर होतं तिच्यात आणि लॅबमध्ये.

मामीने गणित मांडलं. रोज रिक्षा? परवडणार नाही. सहा सीटची रिक्षा? संध्याकाळी भरेपर्यंत सात वाजतात, जून-जुलैत अंधार आणि पाऊस. होस्टेल? तालुक्याला मुलींची सोय नव्हती. बाईक? घरात बाईक एकच, ती मामा पहाटे बंदरावर घेऊन जायचा. घरातल्या कुणीही तिला “नको शिकू” म्हटलं नाही. उलट सगळे शिक म्हणत होते. पण तिने आर्ट्स घेतलं. कारण आर्ट्सचे तास दीडला सुटायचे.

आपण करिअर गाइडन्स करतो, अॅप्टिट्यूड टेस्ट घेतो. तिची शाखा एका एसटीच्या वेळेने ठरवली.

पुढे काय झालं ऐका. पुढच्या वर्षी तिच्या मागची चार मुलं त्याच पेचात सापडली. तेव्हा पालक, कॉलेजातले एक सर आणि ग्रामपंचायत असे मिळून आगारात गेले. लेखी अर्ज, मुलांची यादी, कॉलेजचं टाइमटेबल जोडलेलं, ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला. आगार व्यवस्थापकांनी बघितलं, की त्या गाडीला पावणेपाचलाच निघायचं काही खास कारण नव्हतं. वर्षानुवर्षं तशीच चालत आली होती. दोन महिन्यांनी गाडी सव्वापाचला सुटायला लागली. नवीन बस आली नाही, नवीन रस्ता झाला नाही, एक रुपया वेगळा लागला नाही. तीस मिनिटं सरकली.

माझी बहीण आता तिसऱ्या वर्षाला आहे. इतिहास घेतलाय, मजेत आहे. पण परवा म्हणाली, “ताई, सव्वापाचची गाडी बघितली की मला हसू पण येतं आणि राग पण.” मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

पूल आल्यावर

हे सगळं आज बोलायचं कारण म्हणजे आपला किनारा बदलतोय. रेवस ते रेडी सागरी महामार्ग, अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय आपण. आता त्या रस्त्यावरच्या खाड्यांवर पूल बांधायचे प्रकल्प हाती घेतलेत. रेवस-करंजा आहे, आगरदांडा-दिघी आहे, बाणकोटची खाडी आहे. पूल व्हायला हवेत, माझं त्याबद्दल दुमत नाही. रात्री अकराला कळा सुरू झालेल्या बाईला फेरीबोटीची वाट बघत ठेवणं बरोबर नाही.

पण एक प्रश्न विचारते. पूल झाला की लाँचचं काय होतं? गाड्या पुलावरून जायला लागतात, लाँचचा धंदा बसतो, हळूहळू फेऱ्या कमी होतात, एक दिवस बंद. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांचं भलं झालं. पण करंज्याहून पंधरा मिनिटांत पलीकडे जाणारी, डोक्यावर पाटी घेतलेली मावशी पुलावरून कशी जाणार? चालत?

अटल सेतू बघा. शिवडी ते न्हावा-शेवा, जवळजवळ २२ किलोमीटर, १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. इंजिनीअरिंग म्हणून मान खाली घालावी असं काम आहे. पण त्यावर बाईक चालत नाही, रिक्षा चालत नाही. म्हणजे कार नसेल तर बसच. आणि बस आहेत, पण मोजक्या. उरणच्या मुलाला खिडकीतून तो पूल रोज दिसतो. त्यावरून तो कितीदा जातो?

आता साळावचा पूल आठवा, मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं तो. त्या पुलाने रेवदंडा आणि कोर्लई जोडले, ते फक्त काँक्रीटने नाही. त्यावरून अलिबाग-मुरूडची एसटी धावते. कोर्लईची बाई अलिबागच्या बाजाराला जाऊन दुपारी परत येते, त्या एसटीमुळे. तर माझं म्हणणं साधं आहे: ज्या दिवशी पुलाची फीत कापाल, त्याच दिवशी त्यावरून पहिली एसटी सोडा. पुलाच्या कागदपत्रांत जशी खांबांची संख्या असते, तशी बसच्या फेऱ्यांची संख्याही असू दे.

स्वित्झर्लंडचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, पण वेगळ्या कारणासाठी. डोंगरदऱ्यांचा देश, आपल्या खाड्यांसारखेच तुकडे. १९८२ पासून त्यांनी देशभरच्या रेल्वेगाड्या ठरावीक ठोक्यावर चालवायला सुरुवात केली. दर तासाला त्याच मिनिटाला गाडी, आणि स्टेशनबाहेर गावाकडे जाणारी पिवळी पोस्टबस त्या वेळेला जुळवलेली. म्हणजे काय? माझ्या आजीची जोड! फक्त त्यांनी ती नशिबावर सोडली नाही, वेळापत्रकात लिहून ठेवली. आणि मांडव्याची बस बोटीसाठी थांबते, हे तर आपल्याकडेही चाललंय. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. दिघीच्या धक्क्यावर, रेवसला, माणगाव स्टेशनबाहेर तेच करायचंय.

तुम्ही काय कराल?

तीन गोष्टी सांगते आणि थांबते.

एक. पुढच्या वेळी किनाऱ्यावर जाल तेव्हा निदान एक टप्पा एसटीने किंवा लाँचने करा. मशिनमधून निघालेलं प्रत्येक तिकीट आगाराच्या हिशेबात दिसतं. रिकामी धावणारी फेरी आधी कापली जाते. तुम्ही वीकेंडला घेतलेली सीट सोमवारी कुणाच्यातरी कामाला येते.

दोन. तुमच्या गावच्या शेवटच्या गाडीची वेळ शोधा. तुम्हाला माहीत आहे? आई-बाबांना असेल. ती शाळा-कॉलेजच्या, दवाखान्याच्या, लाँचच्या वेळेशी जुळत नसेल तर अर्ज करा. आगार व्यवस्थापकांच्या नावाने, टाइमटेबल जोडून, सह्या घेऊन, ठराव जोडून. आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

तीन. तुमच्या भागातली एखादी जोड, चालणारी किंवा तुटलेली, आम्हाला आवाजी मेसेजमध्ये सांगा. “अमुक लाँच इतक्याला लागते, एसटी तमुक वाजता सुटते, मध्ये पाच मिनिटं असतात.” एवढंच बोला. पुढच्या भागांत ती माहिती वाचून दाखवू. ज्या मॅपवर आपला किनारा कोरा दिसतो, तो आपणच भरू.

आणि ज्याने प्रश्न विचारला होतास, त्या मित्रा, तुझ्यासाठी: सकाळची बोट पकड, चतुर्थी-पंचमीच्या सुमारास निघ, मुरूडच्या चौकशीवर तीन प्रश्न विचार, आणि दिघीच्या धक्क्यावर उतरलास की त्या मावशीच्या मागे मागे चालायला लाग. गाडी कुठे उभी असते, ते तिला माहीत असतं.

भेटूया पुढच्या भागात. प्रवास सुखाचा होवो, आणि जोड मिळो!